मदत हवी आहे: मूनलाइट शाळा ते सिटिझनशिप शाळा, मधला दुवा कुठला?

साक्षरता वर्ग घेणाऱ्या स्वयंसेवकांसमोर अमेरिकेतल्या प्रौढशिक्षणावर बोलायचंय. वेळ अर्धा तास, म्हणून लायसियम, शटाक्वा वगैरे व्याख्यानांच्या चळवळी बाजूला ठेवून दोनच प्रयोग घेतलेत.

पहिला केंटकीतल्या रोवन काउंटीचा. १९११ मध्ये कोरा विल्सन स्ट्युअर्ट यांनी प्रौढांसाठी चांदण्या रात्री शाळा उघडल्या, त्याच मूनलाइट शाळा, कारण अंधारात डोंगरवाटांनी येणार कोण? मोठ्यांच्या हाती बालभारती छाप पुस्तक न देता त्यांनी गावच्या बातम्यांचं छोटं वर्तमानपत्र दिलं.

दुसरा साउथ कॅरोलिनातल्या जॉन्स बेटावरच्या सिटिझनशिप शाळेचा, १९५७ चा. दुकानाच्या मागच्या खोलीत कृष्णवर्णीय प्रौढांचा वर्ग आणि शिकवणाऱ्या बर्निस रॉबिन्सन व्यवसायाने ब्युटिशियन! मनिऑर्डरचा फॉर्म भरणं, सही करणं आणि मतदार नोंदणीसाठी तेव्हा सक्तीचा असलेला राज्यघटनेतला उतारा वाचणं, हाच अभ्यासक्रम. मला तर हा जास्त भावतो.

हा वर्ग उभा करणाऱ्या शिक्षिका सेप्टिमा क्लार्क आणि त्यामागची टेनेसीतली प्रौढशिक्षण संस्था हायलँडर स्कूल यांबद्दल बरंच वाचून झालंय. हायलँडरचे संस्थापक माइल्स हॉर्टन डेन्मार्कची लोकविद्यालयं पाहून आले होते, तो धागाही माहीत आहे. अडलंय ते मधल्या काळावर. ज्या लेखांत एक प्रयोग सापडतो, त्यांत दुसऱ्याचा उल्लेखच नसतो.

इंग्रजी चालेल, पण विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं लॉगिन नाही, त्यामुळे मोफत वाचता येईल असंच सुचवा. सातारच्या ग्रामशिक्षण मोहिमेशी तुलना सध्या नको.

तर नेमकं विचारायचंय ते असं: मूनलाइट शाळांची पद्धत दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शिक्षकांपर्यंत पोचली होती, की स्ट्युअर्ट आणि रॉबिन्सन या दोघींनी ती आपापली शोधली? आणि जॉन्स बेटावरच्या वर्गात वापरलेली मूळ पुस्तिका कुठे पाहायला मिळेल?