आकारातली कविता: डोळ्यांची की कानांची?

बोरू:
परवा एका कविसंमेलनात समईच्या आकारात बसवलेली कविता छापून वाटली. तेल, वात, उजेड हे शब्द आलेच. तोच मजकूर सरळ ओळींत लिहिला असता तरी काही बिघडलं नसतं. माझी तक्रार नेमकी हीच आहे. आकार काढून घेतल्यावर जी कविता लंगडी पडत नाही, तिचा आकार म्हणजे नुसती सजावट.

याउलट इंग्रजी कवी जॉर्ज हर्बर्टची १६३३ साली छापलेली 'ईस्टर विंग्ज' बघा. माणसाचं वैभव ओसरतं तशा ओळी आखूड होत 'अत्यंत दरिद्री' एवढ्या दोन शब्दांवर येतात, आणि प्रार्थनेबरोबर पुन्हा रुंदावतात. पान आडवं धरलं की पंख दिसतात.

माझा एक प्रयत्न:

विहिरीत पाणी होतं काठाला
विहिरीत पाणी होतं
विहिरीत पाणी
विहिरीत
वि
हि
री
त

शेवटची अक्षरं पोहरा खाली सोडल्यासारखी वाचा.

जात्यावरची:
नाही पटलं. कविता आधी कानाची. जात्यावर ओवी गाणाऱ्या बाईच्या हातात खुंटा असतो, कागद नसतो. तुमची विहीर मी आजीला वाचून दाखवली. तिला अक्षरओळख नाही. सगळं ऐकून म्हणाली, "बरं, मग पुढं?" जी कविता तिच्यापर्यंत पोचत नाही, ती अपुरीच म्हणेन मी. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानेही चित्रकाव्याला, म्हणजे नुसत्या शब्दांच्या किंवा अर्थाच्या करामतीवर उभ्या कवितेला, 'अवर', म्हणजे खालच्या प्रतीचं, ठरवलं होतं.

चौसष्ट घरं:
ठरवलं होतं खरं, पण त्याच्या 'चित्रा'त नुसती अनुप्रासांची आतषबाजीही येते, जी कानाचीच करामत. डोळा वाईट, कान चांगला, अशी वाटणी त्याने केलेली नाही.

संस्कृत कवी भारवीच्या 'किरातार्जुनीय' महाकाव्यातल्या १५व्या सर्गातला हा सर्वतोभद्र, म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखाच वाचता येणारा श्लोक, चौकटीच्या वहीत मांडून बघा:

देवाकानिनि कावादे
वाहिकास्वस्वकाहि वा
काकारेभभरे काका
निस्वभव्यव्यभस्वनि

एका घरात एक अक्षर. प्रत्येक ओळ उलटसुलट सारखीच. पहिला उभा रकाना वाचा: दे, वा, का, नि, म्हणजे पहिल्या ओळीचा अर्धा भाग. दुसरा रकाना, तिसरा, तसंच. खाली याच चार ओळी उलट क्रमाने लिहिल्या की ६४ घरं भरतात आणि चारही बाजूंनी तेच वाचता येतं. सर्ग लढाईचा आहे. मला तरी यात व्यूह उभा राहिलेला दिसतो.

लिहिणाऱ्यांसाठी एक: 'स्व' जोडाक्षर असूनही एकाच घरात बसतं. आपलं माप अक्षर आहे. बोरूंनी 'वि' खाली उतरवला तेव्हा वेलांटीही सोबत उतरली, ते योग्यच.

जात्यावरची:
मांडला. 'स्व'ला दोन घरं दिली म्हणून एकदा खोडावं लागलं. थक्क झाले, पण आतून हलले नाही. ओवी ऐकताना हलते.

बोरू:
आजींचं 'मग पुढं?' मला लागलं. पाणी संपल्याचं मी फक्त कोऱ्या जागेवर सोपवलं होतं. गोमरिंगर या स्विस कवीची एक कविता आठवली: 'शांतता' हा एकच शब्द चौदा वेळा, तीन-तीनच्या पाच ओळी, आणि मधल्या ओळीत मधलं घर रिकामं. मोठ्याने वाचताना तिथे गप्पच राहावं लागतं. म्हणजे कोऱ्या जागेलाही आवाजात माप असतं. काल विहीर तशी वाचली: 'वि'नंतर एक श्वास, 'री'नंतर दोन.

पहिली ओळ मात्र बदलतोय. 'काठाला' म्हटल्याने पाणी दिसत नाही. आजींच्या गावच्या विहिरीला पायऱ्या होत्या का? उन्हाळ्यात पाणी कितव्या पायरीला जायचं? तेवढ्या ओळी करतो.

जात्यावरची:
माझं मत तेच आहे. पण आजीला विचारलं. होळीला सातवी पायरी उघडी पडायची, अक्षय्य तृतीयेला अकरावी, मग खाली नुसता कातळ. सांगताना ती दोन बोटांनी मांडीवर एकेक पायरी उतरत होती.