नेपाळला जाताना कोणती कागदपत्रे न्यावीत? सहा जणांच्या कुटुंबासाठी सल्ला हवा आहे

कलमबाग (देवगड):
नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरातील सहा जण नेपाळला जाण्याचा विचार करीत आहोत. आमचा आंब्याचा व्यवसाय असल्याने मे महिन्यात घर सोडता येत नाही. मुलांना आणि मला एकाच वेळी सवड मिळते ती दिवाळीतच. मुंबईहून विमानाने काठमांडू, तेथून पोखरा आणि वडिलांची फार वर्षांची इच्छा आहे म्हणून मुक्तिनाथ, असा बेत आहे.

अडचण कागदपत्रांची आहे. पासपोर्ट फक्त माझ्याकडे आहे आणि पत्नीकडे मतदार ओळखपत्र आहे. वडील ७१ वर्षांचे, आई ६४ वर्षांची, मुलगी १६ वर्षांची असून अकरावीत शिकते आणि मुलगा ९ वर्षांचा आहे. नेपाळला व्हिसा लागत नाही आणि आधार कार्ड दाखवले की काम होते, असे गावातील एका जाणत्या गृहस्थांनी सांगितले. दुसऱ्यांनी नेमके याच्या उलट सांगितले. आई-वडिलांची मतदार ओळखपत्रे पत्र्याच्या पेटीतून काढून पाहिली, तर आईच्या ओळखपत्राच्या प्लास्टिकमध्ये पावसाळ्याची ओल शिरून बुरशी आली आहे आणि चेहऱ्याच्या जागी नुसता करडा डाग उरला आहे. शिवाय तिच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आधारवर डब्ल्यू आहे, तर ओळखपत्रावर व्ही. तिकिटे अजून काढलेली नाहीत. आधी काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण):
तिकिटे काढली नाहीत, हे फार चांगले केलेत. माझा अनुभव सविस्तर सांगतो, कारण तो आमच्या घराला बराच महागात पडला आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही आठ जण याच मार्गाने निघालो होतो. सहलीचे आरक्षण करून देणाऱ्याने "भारत-नेपाळात कसली तपासणी, आधार पुरे," असे छातीठोकपणे सांगितले होते. माझ्या वहिनीचे वय ४२ आणि तिच्याकडे केवळ आधार कार्ड. मुंबई विमानतळावर सामान देण्याच्या खिडकीपाशीच तिला थांबवण्यात आले. तेथील मुलीने अतिशय नम्रपणे, पण ठामपणे सांगितले की या वयाच्या प्रवाशाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्राशिवाय विमानात घेता येणार नाही. वहिनीचे मतदार ओळखपत्र चिपळूणला कपाटात होते आणि विमान सुटायला दोन तास उरले होते. भाऊ आणि वहिनी सामान घेऊन परत फिरले, आम्ही सहा जण पुढे गेलो. त्यांच्या तिकिटांचे पैसे गेले ते गेलेच. पण काचेपलीकडे उभी राहून वहिनी हात हलवीत होती, ते आजही आठवले की वाईट वाटते.

नियम असा आहे. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही, हे खरे. मात्र व्हिसा नको म्हणजे ओळखपत्र नको, असा त्याचा अर्थ होत नाही. विमानाने जाणाऱ्या भारतीय नागरिकाकडे वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र असावे लागते. ज्यांचे वय ६५ पेक्षा अधिक किंवा १५ पेक्षा कमी आहे, त्यांना वय आणि ओळख पटवणारे छायाचित्रासहित दुसरे कागदपत्र चालते, जसे पॅन कार्ड किंवा वाहन परवाना. आणि जानेवारी २०१९ पासून या दोन वयोगटांसाठीच आधार कार्डही मान्य झाले आहे. "आधार चालते" ही अर्धवट बातमी बहुधा त्या निर्णयातूनच पसरली असावी.

तेव्हा आपले वडील आणि मुलगा आधारवर जाऊ शकतात. आपल्या आईंचे वय मात्र ६४ आहे, म्हणून त्यांना ही सवलत मिळणार नाही. सर्वांत आधी त्यांच्या ओळखपत्राचे काम हाती घ्या. फॉर्म ८ भरून नावातील दुरुस्ती आणि खराब झालेल्या ओळखपत्राऐवजी नवे ओळखपत्र, अशा दोन्ही गोष्टी मागता येतात. अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण आपल्या भागातील मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून काम कोठवर आले याची चौकशी करीत राहा. आणि तिकिटावरील नाव हे विमानतळावर जे कागदपत्र दाखवणार, त्यावरील नावाशी अक्षरश: जुळले पाहिजे.

निवृत्त मुख्याध्यापिका (रत्नागिरी):
मुलीविषयी सांगते. १५ ते १८ या वयोगटातील मुलांना प्राचार्यांनी किंवा मुख्याध्यापकांनी दिलेल्या ओळख प्रमाणपत्रावर नेपाळचा प्रवास करता येतो. हे प्रमाणपत्र ठरावीक नमुन्यात असावे लागते. साध्या बोनाफाइडवर विसंबून राहू नये. माझ्या कारकिर्दीत अशी काही प्रमाणपत्रे मी स्वत: दिली आहेत. छायाचित्र चिकटवल्यावर शिक्का अर्धा छायाचित्रावर आणि अर्धा कागदावर उमटेल असा मारायचा, जन्मतारीख शाळेच्या नोंदवहीतून पडताळून लिहायची आणि जावक क्रमांक घालायला विसरायचे नाही, एवढी काळजी मी घेत असे.

दिवाळीची सुट्टी लागली की महाविद्यालयाचे कार्यालय असून नसल्यासारखे होते, प्राचार्यही गावी गेलेले असतात. त्यामुळे सहामाही परीक्षेपूर्वीच अर्ज देऊन ठेवा. मात्र पदरी वेळ असेल, तर मुलीचा पासपोर्टच काढावा, असे मी आग्रहाने सांगेन. अठरा वर्षांखालील मुलांसाठी साधे शुल्क १००० रुपये आहे. प्रमाणपत्र एका प्रवासापुरते उपयोगी पडते. पासपोर्ट तिला पुढील शिक्षणातही उपयोगी पडेल.

लहान मुलाचे आधार कार्ड निळे असल्यास तेही तपासून घ्या. पाच वर्षांखालील मुलांना मिळणाऱ्या त्या कार्डावर तान्ह्या बाळाचे छायाचित्र असते आणि पाच वर्षे पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे देऊन ते अद्ययावत करायचे असते. माझ्या नातवाचे राहून गेले होते. नऊ वर्षांचा मुलगा आणि कार्डावर टोपडे घातलेले बाळ, हे पाहून तपासणारा माणूस विचारात पडणारच.

खाडीपलीकडे (दापोली):
वरील माहितीत एक भर घालतो. कुटुंब एकत्र प्रवास करीत असेल आणि प्रौढांपैकी एकाकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असेल, तर इतरांकडे तेच कागदपत्र असण्याची सक्ती नाही. त्यांना छायाचित्र असलेला ओळखीचा पुरावा आणि कुटुंबातील नाते दाखवणारा पुरावा द्यावा लागतो. शिधापत्रिका, वाहन परवाना, शाळा-कॉलेजचे ओळखपत्र अशा कागदपत्रांचा त्यात उल्लेख आहे. आपल्याकडे पासपोर्ट आहे, त्यामुळे आपल्या आई या तरतुदीत बसू शकतील.

दुसरे असे की, कोणी नातेवाईक परदेशातून थेट काठमांडूला येऊन आपल्याला मिळणार असेल, तर त्याच्याजवळ पासपोर्टच हवा. भारताव्यतिरिक्त अन्य देशातून नेपाळला येणाऱ्या भारतीयाला मतदार ओळखपत्र चालत नाही. माझा भाऊ मस्कतला असतो आणि तो असाच आम्हाला तेथे येऊन मिळाला होता.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण):
दापोलीकरांनी सांगितलेली तरतूद आहे, हे मला मान्य आहे. तरीही तिच्या भरवशावर घरातील ज्येष्ठ बाईमाणसाला मुंबईपर्यंत नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या शिधापत्रिकेवर नावे सर्वांची असतात, पण छायाचित्र सर्वांचे नसते; त्यामुळे नाते सिद्ध झाले तरी चेहरा सिद्ध व्हायचा राहतो. पहाटे तीन वाजता, मागे रांग लागलेली असताना, खिडकीवरील कर्मचाऱ्याला नियमाचे उपकलम समजावून सांगण्याची वेळ कोणावरही येऊ नये. शिधापत्रिका सोबत जरूर ठेवावी, परंतु जोडीचा पुरावा म्हणून. मुख्य कागदपत्र म्हणून नव्हे.

पायवाट (अलिबाग):
मुक्तिनाथ अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्रात येते, त्यामुळे तेथे वेगळा प्रवेश परवाना काढावा लागतो. सार्क देशांच्या नागरिकांसाठी त्याचे शुल्क १००० नेपाळी रुपये आहे, म्हणजे आपले ६२५ रुपये. कारण १ भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. परवाना काठमांडूत किंवा पोखऱ्यात मिळतो. त्यासाठी ओळखपत्राची छायाप्रत आणि पासपोर्ट आकाराची छायाचित्रे लागतात, म्हणून प्रत्येकाची पाच-सहा छायाचित्रे घरूनच न्यावीत. तेथील सिम कार्ड घेतानाही ती लागतात. आपली दिवाळी तेव्हाच त्यांचा तिहार असतो आणि सरकारी कार्यालये बंद राहतात. त्या दिवसांची यादी पाहूनच पोखऱ्याला पोहोचण्याचा दिवस ठरवावा.

पैशांविषयी: डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने १०० रुपयांपेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली. पुढे ती सैल करण्याच्या दिशेने हालचाली झाल्या असल्या, तरी शंभराच्या नोटांना कोणीही हरकत घेत नाही, त्यामुळे बँकेत चार दिवस आधी सांगून त्यांचीच पुडकी घ्यावीत. अनेक दुकानांत यूपीआयही चालते.

वाटेत कागदपत्र हरवलेच, तर काठमांडूतील भारतीय दूतावास परतीच्या एका प्रवासापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र देतो. सर्व कागदपत्रांच्या छायाप्रती दुसऱ्या पिशवीत ठेवाव्यात, म्हणजे तेथे ओळख पटवणे सोपे जाते.

नेपाळऐवजी भूतान असा विचार मनात आला, तर एवढेच लक्षात घ्यावे की तेथे प्रवेश परवाना लागतो, प्रौढांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच दाखवावे लागते आणि भारतीयांना प्रत्येक रात्रीसाठी माणशी १२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ते निम्मे आहे. आपल्या कुटुंबाला एका रात्रीचे ६६०० रुपये होतील, राहणे-जेवणे वेगळे.

कलमबाग (देवगड):
आपणा सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला सव्वा महिना लागला, कारण सगळी कामे मार्गी लागल्यावरच लिहायचे ठरवले होते.

आईचा फॉर्म ८ दुसऱ्याच दिवशी भरला. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी आमच्याच वाडीतील शिक्षिका आहेत. त्यांनी घरी येऊन आईचे नवे छायाचित्र घेतले आणि आडनावाचे स्पेलिंग आधारप्रमाणे करून घेतले. मुलीच्या पासपोर्टसाठी अर्ज केला असून पोलीस पडताळणी झाली आहे. तो वेळेत आला नाही तर असू द्यावे, म्हणून प्राचार्यांचे प्रमाणपत्रही घेतले. ताईंनी सांगितल्याप्रमाणे शिक्का छायाचित्रावर अर्धा आहे, हे तेथेच उभे राहून पाहिले. मुलाचे आधार खरोखरच निळे निघाले. ते अद्ययावत झाले.

आईचे ओळखपत्र काल टपालाने आले. चेहरा स्वच्छ दिसतो आणि आडनावात डब्ल्यू आहे. आज संध्याकाळी ते समोर ठेवूनच तिकिटे काढणार आहे.