दाजींच्या बॅगेतील मद्य व सिगारेट कस्टमने जप्त केले. अपील करावे काय?

अमळनेरकर (प्रश्न)
माझे दाजी आखातात नोकरीला असून नुकतेच बहिणीसह सुटीवर आले. येताना त्यांनी ड्यूटी-फ्री दुकानातून व्हिस्कीच्या एकेक लिटरच्या तीन बाटल्या व सिगारेटचे दोन कार्टन घेतले. माणशी एक कार्टन चालते, या ऐकीव माहितीवर विसंबून सगळा माल दाजींच्या एकाच बॅगेत ठेवला आणि दोघे ग्रीन चॅनेलमधून, म्हणजे शुल्क लागणारा माल नसलेल्यांच्या वाटेने, निघाले. तेथे बॅग अडवली गेली. अधिकाऱ्यांनी एक बाटली व दोन्ही कार्टन ठेवून घेतले आणि एका छापील कागदावर सही घेतली, ज्यात ‘नोटीस व सुनावणी नको’ असे लिहिलेले होते. आता माल सरकारजमा करून दंड ठोठावल्याचा आदेश घरी आला आहे. दोघांच्या मिळून चार लिटरची मुभा असताना तिसरी बाटली का घेतली, हे आम्हाला कळत नाही.

करसल्लागार, जळगाव
भाऊ, बाटलीचा मुद्दा आधी संपवतो. प्रत्येक प्रवाशाला दोन लिटर मद्य आणि 100 सिगारेट किंवा 25 सिगार किंवा 125 ग्रॅम तंबाखू एवढीच मुभा आहे, आणि एकाची मुभा दुसऱ्याच्या मुभेत मिळवता येत नाही. तीच बाटली ताईंच्या बॅगेत असती तर वाद उद्भवलाच नसता. कार्टनमध्ये दहा पाकिटे, म्हणजे 200 सिगारेट असतात. ते एकच घेतले तरी मर्यादेच्या दुप्पट होते. दुकानदार हे सांगत नाही, कारण त्याला विकायचे असते.

खरा घोटाळा ग्रीन चॅनेलचा आहे. सीमाशुल्क अधिनियम, 1962 च्या कलम 77 नुसार बॅगेतील मालाची घोषणा करणे प्रवाशावर बंधनकारक असते. रेड चॅनेलला, म्हणजे माल घोषित करण्याच्या वाटेला, जाऊन जास्तीचा माल दाखवला असता, तर बाटलीचे शुल्क भरून ती बहुधा सुटली असती. न सांगता बाहेर पडू लागल्यामुळे कलम 111 खाली जप्तीचा मार्ग मोकळा झाला.

तरीही अपिलाला जागा आहे. कलम 124 प्रमाणे सरकारजमा करण्यापूर्वी नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. छापील कागदावर आयती सही घेऊन हा हक्क सोडून दिल्याचे दाखवणे दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये सोन्याच्या दागिन्यांच्या प्रकरणांत अमान्य केले आहे. आदेशात माल कोणत्या वर्गात धरला आहे, तेही नीट वाचा. माल केवळ शुल्कपात्र असेल, तर कलम 125 प्रमाणे दंड भरून तो सोडवून घेण्याचा पर्याय द्यावाच लागतो, आणि तो दंड बाजारभावातून शुल्क वजा केल्यावर उरणाऱ्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही. प्रतिबंधित ठरवला असेल, तर तो पर्याय देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहते. परदेशी पाकिटांवर आपल्याकडील आरोग्याविषयीचा चित्ररूप इशारा नसतो, म्हणून सिगारेटच्या बाबतीत हा दुसरा मार्ग अनेकदा धरला जातो. कलम 112 खाली व्यक्तीवर बसणारा वेगळा दंडही याच वर्गीकरणावर ठरतो.

आदेश हाती पडल्यापासून 60 दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील करावे लागते. सबळ कारण असल्यास आणखी 30 दिवस मिळू शकतात. टपालाचे पाकीट फेकू नका, त्यावरील शिक्का तारखेचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

धुळेकर
सल्ला योग्य आहे, पण दाजींनी हिशेब करावा. अपिलासाठी दंडाच्या साडेसात टक्के रक्कम आधी भरावी लागते, वर वकिलाची फी. जास्तीच्या सिगारेट परत मिळण्याची आशा मी तरी धरणार नाही. पण दंड मोठा असेल आणि सुनावणी झालीच नसेल, तर तेवढ्यापुरते अपील करणे शहाणपणाचे. तिथेही यश आले नाही, तर बॅगेजची प्रकरणे न्यायाधिकरणाकडे जात नाहीत. केंद्र सरकारकडे तीन महिन्यांत पुनरीक्षण अर्ज, म्हणजे आदेश पुन्हा तपासण्याची विनंती, करावा लागतो. काही जण चुकीच्या दारात अपील नेऊन मुदत घालवून बसतात.

अमळनेरकर
आपणा दोघांचा आभारी आहे. आदेशात ‘प्रतिबंधित’ हाच शब्द आहे, त्यामुळे दंड आणि न झालेली सुनावणी एवढ्यावरच अपील करण्याचे ठरले आहे. पुढच्या वेळी दाजी सुरतेला उतरून ताप्ती लाइनच्या गाडीने घरी यावे म्हणतात. दोन लिटरच्या आत राहिल्यास अडचण नाही ना?

नंदुरबारकर
अडचण आहे. कस्टमची मुभा म्हणजे शुल्कातून मिळालेली सूट, मद्य बाळगण्याचा परवाना नव्हे. सुरतेपासून नवापूरच्या अलीकडपर्यंतचा प्रवास गुजरातेतून होतो आणि तेथे दारूबंदी आहे. बाहेरून येणाऱ्यांसाठी परवान्याची सोय आहे, पण तो काढावा लागतो. ई-सिगारेटही आणू देऊ नका. 2019 च्या कायद्याने तिची आयातच बंद आहे, तिथे संख्येचा प्रश्नच येत नाही.