मदत हवी आहे: तार लावल्यावर जबडा आणखीच पुढे दिसतोय

गिरणाकाठ (चाळीसगाव): भाचा 20 वर्षांचा, खालचा जबडा पुढे. ऑपरेशनच्या तयारीसाठी तार लावून आठ महिने झाले, तर खालचे दात आणखीच पुढे आलेत. ताई म्हणते, काढून टाकू. काही चुकतंय का? आणि ‘दोन्ही जबडे’ करायचे म्हणजे काय?

सातपुडा: तार काढू देऊ नका. खालचा जबडा पुढे असला की खालचे दात आत कलतात आणि वरचे बाहेर, त्यामुळे खरा फरक झाकला जातो. तार ते दात आपापल्या हाडावर सरळ उभे करते, म्हणून फट वाढते. तसं केलं नाही तर दात दातांवर आदळतात आणि हाड हवं तेवढं सरकतच नाही. याला साधारण 12 ते 18 महिने लागतात.

वरच्याला ले फोर्ट-1: ओठाच्या आतून चीर, दातांच्या मुळांच्या वर आडवा काप, जबडा सुटा करून पुढे आणायचा आणि टायटॅनियमच्या पट्ट्या-स्क्रूंनी बसवायचा. खालच्याला बीएसएसओ: दाढांच्या मागे दोन्हीकडे हाड उभं चिरतात आणि दातांचा भाग मागे सरकवतात. संवेदनेची नस त्याच हाडातून जाते, म्हणून खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. बहुतेकांची काही महिन्यांत सुधारते, काहींची थोडी कायम राहते. हे सही करण्याआधीच ऐकून घ्या. जेनिओप्लास्टी, म्हणजे हनुवटीचं हाड कापून सरकवणं, हे वेगळं, लागली तरच.

पांझरा: खालच्या अक्कलदाढा आहेत का? बरेच सर्जन त्या सहा महिने आधी काढायला सांगतात. नाहीतर चिरताना हाड भलतीकडे फुटण्याची भीती. वाढ थांबल्याची खात्रीही हवी, नाहीतर जबडा परत पुढे येतो.

ऑपरेशननंतर सूज दोन-तीन दिवस चढते. पहिले दोन आठवडे पातळच: वरणाचं पाणी, ताक, गाळलेली पेज. सहा आठवडे चावणं बंद, म्हणजे कळण्याची भाकरी विसरा (भरीत मऊ असलं तरी बिया अडकतात). वरच्या जबड्याचं झालं असेल तर नाक शिंकरायचं नाही. वरचा-खालचा जबडा एकमेकांना तारेने बांधले तर ती कापायची कात्री सोबत ठेवा, उलटी झाली तर लागेल. मे महिन्यातली तारीख टाळलेली बरी. आपल्याकडच्या उन्हात पातळ खाण्यावर अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं. दात नव्या जागी जुळवून धरणारी रबरं बदलायला सुरुवातीला वारंवार जावं लागतं, तेव्हा जवळचं बघा. धुळ्याला डेंटल कॉलेज आहे, तिथे चौकशी करा.

गिरणाकाठ: अक्कलदाढा दोन्ही आहेत, कोणी विषयच काढला नव्हता. सोमवारी एक्स-रे घेऊन विचारतो.