शॉक्ड म्हणायचं की सरप्राइज्ड? की तिसरंच काहीतरी?

हळदीची_पोर, सांगली
नमस्कार मंडळी. इंग्रजी वाचायला येतं पण बोलायची वेळ आली की गाडी अडते. परवा एका ठिकाणी इंटरव्ह्यू होता, तिथं विचारलं की तुम्हाला चकित करणारा एखादा अनुभव सांगा. मी हरिपूरच्या पेवाचं सांगितलं. म्हणजे झालं असं की जन्म सांगलीतला, 'गल्लोगल्ली क्लासेसचं पेव फुटलंय' हे लहानपणापासून ऐकतेय, बोलतेय, पण पेव म्हणजे काय हे कधी डोक्यातच आलं नव्हतं, मला वाटायचं गळू-बिळू असेल काहीतरी. आजोबांची हयात हळदीच्या पेठेत गेली, त्यांनी दिवाळीत हरिपूरला नेऊन एक रिकामं पेव, म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार, दाखवलं. वर तोंड एवढंसं, माणूस कसाबसा जाईल, आणि आत वाकून बघितलं तर खाली खोलीएवढा अंधार. त्यात हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड नाही की काही नाही. उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा, विझला तर थांबायचं. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली म्हणे. मी तिथंच उभी राहून मनात 'पेव फुटलं, पेव फुटलं' म्हणत होते, अंगावर काटा आला.

तर इंटरव्ह्यूत मी म्हटलं, 'आय वॉज शॉक्ड, इट वॉज अ शॉकिंग प्लेस.' समोरच्या मॅडमनी एकदम काळजीनं विचारलं, कुणी आत पडलं होतं का?

मग काय म्हणायला पाहिजे होतं?

माहुलीचा_घाट
हाहाहा, मॅडमचं काही चुकलं नाही. आपण मराठीत 'शॉकच बसला' कशालाही म्हणतो, लग्न ठरलं तरी आणि लाइटबिल आलं तरी. इंग्रजीत शॉकिंग म्हटलं की बहुतेक वाईट, लाजिरवाणं किंवा भयंकर. साधं 'सरप्राइज्ड' चाललं असतं पण ते फिकं वाटतं, तुमच्या काट्याला पुरत नाही. 'आय-ओपनर' म्हणा की. डोळे उघडले, सरळ आपल्यासारखंच. गंमत म्हणजे जुन्या अमेरिकन बोलीत सकाळी उठल्या उठल्या घेतलेल्या दारूच्या घोटालाही आय-ओपनर म्हणायचे. आता तो अर्थ मागं पडलाय, बिनधास्त वापरा.

कंदी_पेढा
आय-ओपनर नको. त्यात 'आत्तापर्यंत माझा गैरसमज होता, आता शहाणा झालो' असा सूर असतो, सरकारी दवाखान्यात दोन दिवस काढले की येतो तो आय-ओपनर. इथं 'रेव्हलेशन' बसतं. लॅटिनमध्ये वेलम म्हणजे पडदा, तो बाजूला केला की रेव्हलेशन. झाकलेलं होतं, कुणीतरी उघडून दाखवलं. पेवाचं तोंड उघडण्यासारखंच झालं की हे.

टकाटक_७७
एपिफनी!! सगळे हल्ली एपिफनीच म्हणतात

कंदी_पेढा
म्हणतात, तीच तर कटकट आहे. मूळ ग्रीक शब्द, प्रकट होणं. ख्रिश्चनांचा ६ जानेवारीचा सण आहे त्या नावाचा. म्हणजे आपल्या साक्षात्काराच्या जवळपासचं वजन आहे त्याला, आणि इन्स्टावर लोकांना पोहे खाताना एपिफनी होते. शिवाय एपिफनी आतून उमटते, हिला आजोबांनी हाताला धरून नेलंय. युरेका पण नाही. तो आर्किमिडीज मुकुटाचं कोडं डोक्यात घेऊन फिरत होता म्हणून टबात ओरडला अशी गोष्ट आहे. हिच्या डोक्यात कोडंच नव्हतं, ही पेवाला गळू समजत होती :)

लिंबाची_सावली, सातारा
यात 'सेरेंडिपिटी' कुणी कशी आणली नाही? होरेस वॉल्पोल नावाच्या इंग्रज लेखकानं १७५४ मध्ये एका पत्रात हा शब्द घडवला, सेरेंदिपच्या तीन राजपुत्रांच्या फारसी गोष्टीवरून, आणि सेरेंदिप म्हणजे आपली श्रीलंका. शोधायला जावं एक आणि हाताला लागावं दुसरंच, तेही चांगलं. मी लिंबला एका लग्नाला निघालो होतो, रस्ता चुकलो, आणि बारा मोटांच्या विहिरीवर जाऊन उभा. पायऱ्या उतरून गेलो तर विहिरीच्या पोटात चक्क दगडी महाल, वर बघितलं तर मोटा जिथं लावायचे त्या जागा. साताऱ्यात तीस वर्षं काढून हे माहीत नव्हतं, लाजच वाटली. लग्नाला पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, बायको अजून ऐकवते. याला सेरेंडिपिटी म्हणायचं. हळदीची पोर मात्र पेवच बघायला गेली होती, म्हणून तिला तो शब्द नाही चालायचा.

शेंगाचटणी
एवढं कशाला, 'ट्यूब पेटली' म्हणायचं होतं. इंग्रजीत 'द पेनी ड्रॉप्ड', मशीनमध्ये अडकलेलं नाणं खाली पडतं तसं, उशिरा का होईना. पेव बघितल्यावर म्हण कळली ना, मग तेच.

हळदीची_पोर, सांगली
शेंगाचटणी, तुमचं आणि कंदी पेढ्याचं दोन्ही लागतंय. पेव बघणं म्हणजे रेव्हलेशन आणि म्हणीची पेनी ड्रॉप्ड, असं दोन वाक्यांत लिहून ठेवलंय, पुढच्या बुधवारी दुसरीकडं इंटरव्ह्यू आहे. आजोबांना हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, इंग्रजीचं राहू दे, तू पेवाला गळू समजत होतीस हे आमच्या पेठेत कुणाला सांगू नको.