मदत हवी आहे : कयाकची डावी नळी रात्रीत मऊ पडते

मंडळी, दोन माणसांची, हवा भरायची पीव्हीसी कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी, आहे. पवना धरणाच्या पाण्यात चार-पाचदा नेली. तीन कप्पे आहेत, दोन बाजूंच्या नळ्या आणि तळ. आता डावी नळी संध्याकाळी टणक असते आणि सकाळी उशीसारखी दबते. साबणाचा फेस लावून पाहिलं, तर व्हॉल्व्ह ठीक आहे, पण त्याच्यापासून वीतभर अंतरावर जोडावर बारीक बुडबुड्यांची माळ धरते.

चूक माझीच. सकाळच्या गारव्यात गच्च हवा भरली आणि जेवायला बसलो तेव्हा कयाक काठावर भर उन्हात तशीच. आतली हवा तापून फुगणार हे शाळेत शिकलो होतो की!

कोपऱ्यावरचा पंक्चरवाला म्हणतो, "सायकलचं सोल्यूशन लावून देतो." पण ते रबराचं, पीव्हीसीवर टिकत नाही. पीव्हीसीचा गोंद आणि ठिगळ सपाट जागी बसतं हे माहीत आहे, पण जोडावर कुणी लावलंय का? किती टिकलं? पाण्यात मधोमध सुटलं तर काय, ही खरी धास्ती. लाइफ जॅकेट अंगात असतंच, पण सोबत दहा वर्षांची मुलगी असते आणि दुपारनंतर वारा सुटला की ही हलकी होडी पानासारखी भरकटते.

आणखी एक, पावसाळ्यात घडी घालून ठेवताना तळाच्या खाचांतलं पाणी कसं सुकवता? आमच्याकडे बुरशीचे काळे ठिपके आलेत.