'क्रिंज' चांगलाच म्हातारा आहे

'क्रिंज हा रील्सवाल्या पोरांनी काढलेला शब्द' असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. जुन्या इंग्रजीत 'क्रिंगन' म्हणजे चक्क लढाईत कोसळणं, धारातीर्थी पडणं! मग नमतं घेणं, अंग चोरून मागे सरणं, साहेबापुढे कमरेत वाकून लाळघोटेपणा करणं, अशी त्याची घसरगुंडी होत गेली. दुसऱ्याच्या वागण्याने आपणच कानकोंडं व्हायचं, हा एफसी रोडवर ऐकू येणारा 'कसला क्रिंज आहे रे' मात्र खरंच अलीकडचा. मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकलेल्यांना 'क्रांक' म्हणजे आजारी हे ठाऊक असेलच. तोही याच कुळातला, मुळाशी वाकणं. वेदनेने किंवा संकोचाने अंग आक्रसणं या अर्थाच्या इंग्रजी 'विन्स'चं (wince) घराणं मात्र वेगळं, तो मूळचा लाथा झाडणाऱ्या घोड्याचा.